समोरची खुर्ची

“काका, तुम्ही स्क्रीनवर दिसायलाच पाहिजे असं काही नाहीये,” हेमचंद्र म्हणाला. “तुमचा व्हॉइस हाच आमचा हीरो. समोर माझ्या स्लाइड्स आणि मागून तुमचा आवाज. सिंपल.”

दिगंबर टिपणीस स्टुडिओतल्या खुर्चीवर ताठ बसले होते. निळा कोट, तिरप्या पट्ट्यांचा टाय, केस पाणी लावून बसवलेले. समोरच्या कॅमेऱ्यावर अजून कापड होतं आणि ते निघायची चिन्हं दिसत नव्हती. मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या केबल कंपनीचा हा स्टुडिओ गालिच्यांच्या एका दुकानामागे होता. गावातल्या कुणालाही तिथे आपला कार्यक्रम फुकट करता येई. शहराने कंपनीला तशी अटच घातली होती. आजवर त्या अटीचा लाभ केक शिकवणाऱ्या बायकांनी आणि बायबल समजावणाऱ्या पुरुषांनी घेतला होता. यंदा, १९८६ च्या दिवाळीसाठी, मराठी मंडळानेही अर्धा तास मागून घेतला होता.

हेमचंद्र मंडळाचा सेक्रेटरी. आठवडाभर तो मोटारींचे ब्रेक डिझाइन करायचा आणि शनिवार-रविवारी ब्रेक नसल्यासारखा मंडळाची कामं करायचा. प्रत्येक पिकनिकच्या, गणपतीच्या, हळदीकुंकवाच्या स्लाइड्स त्याने काढून ठेवल्या होत्या. त्या कुणीतरी एकदा सलग पाहाव्यात एवढीच त्याची इच्छा होती, आणि तीत वावगं काही नव्हतं.

“निवेदकाचा चेहरा दिसला पाहिजे,” दिगंबरराव म्हणाले. “निदान अर्धा वेळ तरी. आणि जवळून. खांद्यापासून वर.”

कॅमेऱ्याशेजारी दीपा उभी होती. ती इथेच जन्मलेली, कॉलेजात टेलिव्हिजनच शिकत होती आणि केबल कंपनीचं ट्रेनिंग तिनेच घेतलं होतं, त्यामुळे यंत्रांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. ती हसून म्हणाली, “काका, टॉकिंग हेड्स आर सो बोरिंग. लोक चॅनल चेंज करतात.”

दिगंबररावांनी आपला हट्ट सोडला नाही. शेवटी रविवारी काय ते ठरवू असं म्हणून हेमचंद्रने विषय मिटवला. कोट हातावर घेऊन ते पार्किंग लॉटमध्ये आले, तेव्हा मागून दीपाने काहीतरी विचारलेलं आणि हेमचंद्रने दिलेलं उत्तर त्यांना स्वच्छ ऐकू आलं. “अगं, लंडनला टीव्हीवर होते ना ते. चेहरा दाखवायची सवय लागलीय. जाईल हळूहळू.” दिगंबररावांचे कान अजून तरण्याबांड माणसाचे होते. घरातल्या दोघांपैकी निदान एकाचे तरी होते.

आता हे कबूल केलं पाहिजे की, दिगंबररावांना मिरवायची हौस अजिबात नव्हती असं नाही. पंचावन्न साली ते लंडनला रेडिओवर मराठी बातम्या वाचायला गेले. पुढे मराठीचा विभाग बंद झाला, तेव्हा हिंदुस्थानीत शिरले. आणि मग टेलिव्हिजनवर, नव्याने आलेल्या भारतीय-पाकिस्तानी मंडळींसाठी रविवारी सकाळी एक कार्यक्रम सुरू झाला, त्यात त्यांना समोर बसवलं गेलं. गॅसचा मीटर कसा वापरायचा, शाळेत नाव कसं घालायचं, डॉक्टरकडे गेल्यावर कान दुखतोय हे इंग्रजीत कसं सांगायचं, असलं सगळं ते शिकवत. साहेब लोक त्यांना ‘डिग’ म्हणत. लंडनमधल्या साउथॉलचा भाजीवाला त्यांना ओळखून मेथीच्या जुडीवर आणखी एक जुडी ठेवी, आणि दिगंबरराव ती नको नको म्हणत घेत. रस्त्यात कुणी थांबवून हात हातात घेतला की त्यांना बरं वाटे. कुणालाही वाटलं असतं.

पण चेहऱ्याची गोष्ट वेगळी होती.

रेडिओवर लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या इंग्रज साहेबाने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, कागद मांडीवर ठेवून वाचायचा नाही. तो हातात घेऊन तोंडाजवळ, डोळ्यांच्या पातळीला धरायचा, म्हणजे मान खाली जात नाही आणि आवाज दबत नाही. आणि दुसरी, हजारो लोकांशी बोलायचं नाही. समोर एक रिकामी खुर्ची ठेवायची, तिच्यावर आपलं एक माणूस बसवायचं आणि त्याच्याशी बोलायचं. दिगंबररावांचं लंडनात एकच माणूस होतं. त्यांनी सुमित्राबाईंना बसवलं.

सुमित्राबाई तेव्हा भाड्याच्या एका खोलीत इस्त्री करता करता रेडिओ ऐकत. संध्याकाळी नवरा घरी आला की चहाचा कप पुढे ठेवून त्या त्याची चूक काढत. एका दिवशी एकच चूक. दोन कधी काढल्या नाहीत आणि कौतुकही कधी केलं नाही. ‘आज दुसऱ्या बातमीला श्वास पुरला नाही तुम्हाला.’ ‘त्या मंत्र्याचं नाव घेताना आवाजात लाचारी आली.’ चूक अशी नेमकी असे की दिगंबररावांचा पापड मोडायचा आणि दुसऱ्या दिवशी ती दुरुस्तही व्हायची. एखाद्या दिवशी ‘आज ठीक होतं’ एवढंच ऐकायला मिळालं की तो माणूस रात्रभर खूश असे. लोकांच्या संसारात दागिने, सहली, भांडणं असतात. यांच्या संसारात रोजची एक चूक होती.

मग एका संध्याकाळी सुमित्राबाईंनी चुकीची चूक काढली. टेलिव्हिजनबरोबर रेडिओवरचीही एखादी पाळी दिगंबरराव तेव्हा करत. त्या दिवशी सुमित्राबाई म्हणाल्या, “हवामान फार घाईत वाचलंत.” त्या दिवशी हवामान त्यांनी वाचलंच नव्हतं, ते दुसऱ्याने वाचलं होतं. दिगंबरराव कपातल्या चहाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हो, झाली घाई.” पण त्यानंतर ते लक्ष ठेवू लागले. पाठीमागून हाक मारली तर ती वळत नाही. टेलिफोन वाजला की तिचे हात नेमके पिठात असतात. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता ती तोंडाकडे बघते. रविवारच्या टेलिव्हिजनवरच्या चुका मात्र पूर्वीइतक्याच अचूक असत. मग त्यांना कळलं. बाई नवऱ्याचे ओठ वाचत होती.

तिने कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. तिची आत्या बहिरी होती. घरातली माणसं आत्याच्या तोंडावर तिच्याविषयी वाटेल ते बोलत, हसत, आणि आत्याही आपण सामील आहोत असं दाखवायला हसे. हे सुमित्राबाईंनी लग्नाच्या नवलाईत एकदा सांगितलं होतं, तेव्हा त्यांना रडू आलं होतं. दिगंबररावांनी एकदा कानाच्या यंत्राचं माहितीपत्रक टेबलावर सहज पडल्यासारखं ठेवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते मसाल्याच्या खणात तळाला पसरलेलं सापडलं, वर धण्याजिऱ्याच्या बाटल्या. साऱ्या विलायतेला कान दुखतोय हे डॉक्टरला कसं सांगायचं ते शिकवणारा माणूस आपल्या घरात मूग गिळून बसला. त्याने एवढंच केलं, की रेडिओ सोडला आणि टेलिव्हिजनला घट्ट चिकटला. पुढे कार्यक्रमात तरुण मुलगी आणून त्यांना नुसतं पडद्यामागचं निवेदन देऊ केलं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. तिथेही सगळे हेच म्हणाले होते की डिगला चेहरा दाखवायची फार हौस.

दोन वर्षांपूर्वी मुलीने, पद्मजाने, दोघांना मिशिगनला आणलं. मुलगी-जावई सकाळी कामाला जात. नातवंडं च्युइंगम चघळत इंग्रजी बोलत, तेही फ्रीजमध्ये डोकं घालून. ते ओठ आजीला वाचता येत नसत. ती हसून मान हलवी. मुलं म्हणत, “आजी इज सो क्वाएट.” मंडळात बायका म्हणत, टिपणीसकाकू जरा शिष्टच आहेत. सुमित्राबाई बोलेनाशा झाल्या. नवऱ्याशी समोरासमोर बोलत, पण तेही भाजी कुठली आणि औषध घेतलं का, एवढंच. चहाचा कप पुढे येई आणि पाठोपाठ काहीच येत नसे. आपल्यात चुका उरल्याच नाहीत, असं काही दिगंबररावांना वाटत नव्हतं.

म्हणून हेमचंद्रने कार्यक्रमाचं विचारलं तेव्हा त्यांना हर्ष झाला. आणि खरी गोष्ट अशी, की त्यांनी घरी आल्याबरोबर सांगितलं तेव्हा सुमित्राबाईंचा चेहराही उजळला होता. “टीव्हीवर?” त्यांनी विचारलं होतं. “मग तो निळा कोट घाला. आणि सावकाश बोला.”

शनिवारी जेवताना पद्मजाने विषय काढला. हेमचंद्रच्या बायकोने तिला फोन केला होता. जावई कंपनीच्या कामाला परगावी होता, मुलं खाली तळघरात खेळत होती. टेबलाशी तिघंच.

“बाबा, तुम्ही त्यांच्याशी वाद घातलात म्हणे,” पद्मजा म्हणाली. “लोक प्रेमाने बोलावतात, तुम्ही कंडिशन्स कशाला घालता?”

दिगंबररावांनी सांगून पाहिलं. लोकांना माणसाचं तोंड बघायला आवडतं, नुसत्या चित्रांनी कार्यक्रम कोरडा होतो, असलं बरंच काही. सगळं खरं होतं आणि एकही खरं कारण नव्हतं. पद्मजाचा दिवस वाईट गेलेला असावा. ती पोळी मोडता मोडता, मान खाली घालून बोलली.

“तुम्हाला वाईट वाटेल, पण बोलते. इथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, बाबा. लंडनचं लंडनला राहिलं. या वयात क्लोजअप मागणं बरं दिसत नाही. लोक हसतात.”

दिगंबररावांच्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मुलीचा चेहरा खर्रकन उतरला असता, तिने बापाची माफी मागितली असती, आणि सोमवारी आईला कानाच्या डॉक्टरकडे बसवलं असतं. कदाचित तसंच व्हायला हवं होतं. त्यांनी समोर पाहिलं. पद्मजाची मान खाली असल्यामुळे सुमित्राबाईंना तिचं काहीच कळलं नव्हतं. त्या दोघांकडे आळीपाळीने बघून मंद हसत होत्या, आपणही सामील आहोत असं. दिगंबररावांनी ते वाक्य गिळलं.

“बरोबर आहे तुझं,” ते पद्मजाला म्हणाले. “म्हातारपणी येते अशी हौस. सांगतो हेमचंद्रला, नुसता आवाज घे म्हणून.”

त्यांनी तसं सांगितलंही. हेमचंद्रला मनापासून आनंद झाला. रविवारी एका छोट्या खोलीत, भिंतींना फोम लावलेल्या, दिगंबरराव मायक्रोफोनसमोर बसले. किती वर्षांनी कागद हातात आला आणि आपोआप उचलून तोंडाजवळ धरला गेला. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. त्यांनी दीपाला एक मागितली. तिला वाटलं काकांना पाय ठेवायचे असतील, म्हणून तिने एक स्टूल आणून दिलं. त्यांनी स्टुलाकडे बघून सगळं निवेदन वाचलं, अगदी सावकाश, जन्मात कधी वाचलं नव्हतं इतक्या सावकाश. दीपा काचेपलीकडून बघत होती. संपल्यावर ती आत आली आणि म्हणाली, “काका, दॅट वॉज ब्यूटिफुल. मला सगळं मराठी समजलं.” मुलगी मनाची चांगली होती. त्यांनी तिचे आभार मानले.

दिवाळीच्या शनिवारी कार्यक्रम लागला. मंडळाच्या बऱ्याच लोकांकडे केबल नव्हती, त्यामुळे सगळे पद्मजाकडेच जमले. चकली, शंकरपाळी, कागदी प्लेटा, दाराशी चपलाबुटांचा ढीग. सुमित्राबाईंनी अंजिरी रंगाचं लुगड्यासारखं जड रेशमी पातळ नेसलं होतं. ते त्या लंडनला रविवारी सकाळी नेसत, कार्यक्रमाच्या वेळी. कुणी सांगायच्या आत त्या टीव्हीच्या अगदी समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. नुसता आवाज आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दिगंबररावांनीही नाही. आठवडाभर रोज सकाळी ते सांगायचं ठरवत आणि रोज त्यांच्या जिवावर येई.

पडद्यावर पणती आली. मग बेल आइल बेटावरच्या पिकनिकची स्लाइड, मग गणपतीची आरास, मग बर्फात नऊवारी नेसून उभ्या असलेल्या बायका. आवाज येत होता. लोक कौतुकाने माना डोलवत होते. दिगंबरराव भिंतीशी उभे राहून फक्त बायकोकडे बघत होते. त्या जरा पुढे झुकून बसल्या होत्या. प्रत्येक स्लाइड बदलली की त्यांची मान किंचित वर होई, आता येईल म्हणून. पुढची स्लाइडही झाडांची किंवा माणसांच्या घोळक्याची निघे. अर्ध्याच्या पुढे कधीतरी त्या मागे टेकल्या आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

संपल्यावर टाळ्या झाल्या. हेमचंद्रने काकांच्या पाया पडण्याचा अर्धवट प्रयत्न केला. मग कुणीतरी हौसेने सुमित्राबाईंच्या समोर वाकून विचारलं, “काकू, कसं वाटलं काकांचं?”

सगळे त्यांच्याकडे वळले. सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“शेवटी जरा घाई केलीत,” त्या म्हणाल्या.

सगळे खळखळून हसले. घरची मुर्गी म्हणजे असंच, असं काहीतरी कुणी हिंदीत म्हणालं. दिगंबररावही हसले आणि म्हणाले, “हो, झाली घाई.” मग ते स्वयंपाकघरात गेले आणि सिंकचा नळ सोडून बराच वेळ एकच पेला विसळत राहिले. त्यांना रडू येत होतं, आणि घरात माणसं फार होती.

सोमवारी सकाळी घर रिकामं झालं. जावई, मुलगी, मुलं आपापल्या वाटेने गेली. बाहेर अंगणात मेपलची पानं पडून राहिली होती. सुमित्राबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पालेभाजी निवडत होत्या. दिगंबरराव वरून खाली आले ते निळा कोट घालून, टाय बांधून, हातात निवेदनाचे कागद घेऊन.

त्यांनी खिडकीचं ब्लाइंड पूर्ण वर केलं. सुमित्राबाईंची खुर्ची, त्या बसलेल्या असतानाच, जरा फिरवली, म्हणजे त्यांची पाठ खिडकीकडे झाली. मग ते स्वतः समोर बसले. उजेड सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. उजेड कुठून घ्यायचा, एवढं टेलिव्हिजनवर काढलेल्या वर्षांनी त्यांना शिकवलं होतं.

“हे काय चाललंय?” सुमित्राबाईंनी विचारलं.

“कार्यक्रम.”

“तो परवा झाला की.”

“परवा कॅसेट होती,” दिगंबरराव म्हणाले. “आज लाइव्ह आहे.”

सुमित्राबाईंनी निवडलेली भाजी एका बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि नीट बसल्या.

दिगंबररावांनी सुरुवात केली. नमस्कार मंडळी, म्हणून मग पणतीचं, मग मंडळ कसं एका तळघरात सुरू झालं त्याचं. पहिली काही वाक्यं त्यांनी आवाजात म्हटली. मग त्यांच्या लक्षात आलं की आवाजाची इथे कुणालाच गरज नाही, आणि तो आपोआप खाली गेला. स्वयंपाकघरात फ्रीजची घरघर तेवढी राहिली. ओठ चालत होते. बर्फातल्या नऊवारीपाशी आल्यावर ते अडले. नेमकं पुढचं वाक्य आठवेना, म्हणून त्यांनी कागद उचलला आणि रेडिओच्या सवयीने तोंडाजवळ धरला.

सुमित्राबाईंनी हात वर केला.

दिगंबरराव थांबले. सुमित्राबाईंनी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं, आणि इतक्या वर्षांत कधी काढली नव्हती ती चूक काढली.

“कागद खाली घ्या,” त्या म्हणाल्या. “तोंड दिसलं नाही, तर मला कळत नाही.”

दिगंबररावांनी कागद खाली घेतला, टेबलावर पालथा ठेवला, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.